ओळखीची भाजी

ताटात भाजी पडली की लगेच घास घ्यायचा नाही, आधी तिच्याशी ओळख करून घ्यायची, असा बसलिंगअप्पांच्या हॉटेलात नियम होता. अप्पा स्वतः वाढायला यायचे. कपाळाला भस्माचे पट्टे, खांद्यावर पांढरं उपरणं.

"ही दोडकी. इहिरीकडच्या वाफ्यातली. स्वभावानं लई गरीब. सकाळी तोडली तवा अंगावर दव होतं." एवढं सांगून ते दोन पावलं मागं सरकत. मग आपण जेवायचं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेरीत कारकून म्हणून माझी नांदेडहून बदली झाली आणि मी अप्पांच्याच 'विश्रांती भुवन'मध्ये खोली घेतली. निजामाच्या काळातली दगडी इमारत. आत सागवानी खांब आणि रंगीत काचांची तावदानं. दुपारी त्या काचांतून हिरवा-तांबडा उजेड फरशीवर उतरायचा, वरचा जुना पंखा सावकाश फिरायचा आणि जेवता जेवता आपण पाण्याखाली बसलोय असं वाटायचं. आजही डोळे मिटले की तो उजेड आधी दिसतो, अप्पा मागून येतात.

औशाच्या रस्त्याला अप्पांचं चार एकर रान होतं. तिथं पिकेल तेच हॉटेलात शिजायचं. एकदा सोलापूरच्या एका व्यापाऱ्यानं बटाट्याची भाजी मागितली. अप्पांनी हात जोडले.

"बटाटा आमच्याकडं न्हाई. कुठला, कुणाचा, काय ठावं? बिनवळखीचं पोटात घ्यायचं न्हाई, शेठ."

दुसऱ्या एकानं वांगं तिखट लागतंय अशी तक्रार केली. "जरा रागात हाय त्ये," अप्पा म्हणाले. "परवा पाणी द्यायला उशीर झाला. माझीच चूक."

माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. मी 'नांदेडकर'. रविवारी ते मला रानात घेऊन जायचे, कारण त्यांच्या मते ओळख दोन्हीकडून हवी. गवारीच्या ओळीपुढं मला उभं करून म्हणायचे, "ह्ये नांदेडकर. परवा तुमच्यातल्या वाटीभर ह्येनीच खाल्ल्या." मी नकळत मान लववायचो. नंतर बराच वेळ आंब्याखाली बसायचो. अप्पा वाफ्यांकडं बघत राहायचे.

दुसऱ्या वर्षी पाऊस आलाच नाही. श्रावण कोरडा गेला, विहिरीचा तळ दिसू लागला. हात धुतलेलं पाणी अप्पा डब्यात साठवायचे आणि सायकलवरून रानात न्यायचे. बेसिनवर पाटी लागली : साबण लावू नये, भोपळ्याला चालत नाही. "तुमच्या नांदेडला गोदावरी हाय," ते मला म्हणायचे, "तुमाला पाण्याची काय कदर!" आणि माझे हात धुवून होईपर्यंत तिथंच उभे राहायचे.

ताटातल्या भाज्या तिनाच्या दोन झाल्या, दोनाची एक. मग भाकरी, वरण आणि शेंगदाण्याची चटणी एवढंच उरलं. गिऱ्हाइकं बसस्टँडजवळच्या नव्या हॉटेलात जाऊ लागली. स्वयंपाकाच्या शेवंताबाई वैतागल्या.

"अप्पा, मंडईतून कोबी तरी आणा."

"कोबीची नि माझी वळख न्हाई."

"मग आता करून घ्या की!"

अप्पा हसले, पण कोबी आला नाही. जेवायला आम्ही चार-पाचजण उरलो.

अशात कचेरीतून निरोप आला. बाहेरगावाहून येणाऱ्या अधिकाऱ्यांची सोय कुठं करायची ते साहेबांना ठरवायचं होतं. जुनं हॉटेल म्हणून आधी इथं बघणार, पसंत पडलं नाही तर नव्याकडं. रविवारी दुपारी साहेब, त्यांच्या बाई आणि आठ पाहुणे जेवायला येणार होते.

त्या सकाळी अप्पा रानातून आले तेव्हा टोपलीत पाच वांगी होती. तीही किडकी. त्यांनी टोपली ओट्यावर ठेवली, थोडा वेळ तिच्याकडं बघितलं आणि माडीवर गेले. खाली आले ते तीन मडकी घेऊन. तोंडाला फडकी बांधलेली, त्यावर धूळ. आत वाळवलेल्या वांग्याच्या फोडी, वाळवलेली गवार आणि कोहळ्याचे सांडगे.

शेवंताबाई हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या. "अप्पा, ह्ये उघडायचं न्हाई म्हणला होता तुमी."

"पावणे यायलेत," अप्पा म्हणाले आणि स्वतःच गाठ सोडू लागले.

शेवंताबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. अप्पांच्या बायकोनं, काशीबाईंनी, हे सगळं उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलं होतं. त्याच पावसाळ्यात त्या गेल्या. मी यायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दीड-दोन वर्षं मी त्या घरात जेवत होतो आणि मला हे माहीत नव्हतं.

पाहुणे आले. अप्पांनी वाढलं. भाजी कुठली, कधी तोडली, स्वभावानं कशी, काहीच सांगितलं नाही. नुसते खांबाला टेकून उभे राहिले. सुरुवातीला साहेब नव्या रस्त्यांविषयी बोलत होते. हळूहळू बोलणं थांबलं. त्या रंगीत उजेडात सगळे खाली मान घालून जेवत होते. वांग्याची भाजी तीनदा मागितली गेली.

हात धुताना साहेब म्हणाले, "पाहुणे इथंच पाठवत जाऊ."

बाई मात्र अप्पांपाशी थांबल्या. "वांगी कशी वाळवली हो? मीठ लावून ठेवता की ताकात बुडवता? मलाही करायचीत."

अप्पांनी उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"ठावं न्हाई, बाई," ते म्हणाले. "मी रान बघायचो. वाळवण ती करायची. इचारायचं राहिलं."

बाईंना कळलं असावं. त्यांनी नुसती मान हलवली.

सगळे गेल्यावर मी आत गेलो. शेवंताबाई घरी गेल्या होत्या. अप्पा जमिनीवर बसले होते. समोर मडकं उपडं केलेलं आणि ताटलीत वांग्याच्या मूठभर फोडी.

"एवढ्याच राहिल्या," ते म्हणाले. "ठेवू का भिजवू?"

त्यांनी एक फोड उचलून नाकाशी धरली, बराच वेळ. मग तांब्या ओढला आणि ताटलीत पाणी ओतलं. फोडी हळूहळू फुगू लागल्या. आम्ही दोघं बघत बसलो.

"मी सकाळपासनं जेवलो न्हाई," अप्पा म्हणाले. मग दोन वर्षांत पहिल्यांदाच मला अरे-तुरे करत म्हणाले, "चूल पेटव. आन् बस माझ्यासंगं."