दस्तगीरचाचा आणि न दिसणारी धूळ

दस्तगीरचाचा कुणाच्याही घरी गेले की आधी खुर्चीवरून बोट फिरवायचे, ते उजेडात धरून बघायचे आणि मगच बसायचे. माझ्या लग्नात त्यांनी नवरीची खुर्चीही सोडली नाही. "धूळ हाय की," म्हणाले, रुमालानं ती पुसली आणि मग आशीर्वाद दिला.

चाचा आमचे कोल्हापुरातले शेजारी. लोखंड ओतायच्या कारखान्यात वाळूचे साचे करण्यात त्यांची तीस वर्षं गेली. "दिसती त्या वाळूला भ्याचं न्हाय. दिसत न्हाय तीच छातीत जाती," असं ते भेटेल त्याला ऐकवायचे. निवृत्त होताना त्यांनीच शब्द टाकून मला तिथं चिकटवलं. ओतलेले भाग घासून साफ करायचं काम. चाचांनी तोंडाला बांधायला दिलेला फडका माझ्या गळ्यातच असायचा.

दोन हजार सालाच्या आसपास माझ्या नाकातून रक्त यायला लागलं. सांधे धरले, पायांवर जांभळे ठिपके उठले. चाचाच मला दवाखान्यात घेऊन गेले. तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शरीर स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटलंय. त्यांना सूज आलीय. मूत्रपिंडालाही त्रास झालाय." मग कामाची चौकशी केली. "वाळूच्या बारीक धुळीनं हा आजार चाळवू शकतो. पण तुम्हाला त्यानंच झाला, असं ठामपणे नाही सांगता येत."

चाचांना एवढं पुरलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आमच्या घराची झडती घेतली. झाडू बंद, ओलं फडकं सुरू. कॅरमची पावडर गेली. दिवाळीत दगडाच्या भुकटीची रांगोळीही बंद. बायकोनं तांदळाच्या पिठाची काढली, तर मुंग्यांनी तासाभरात मोराचा पिसारा नेला. ती रडवेली झाली.

"ऱ्हाऊ दे, सूनबाई," चाचा म्हणाले, "त्यास्नी बी दिवाळी हाय की."

गोळ्यांनी माझा चेहरा फुगला, पण ठिपके गेले. कारखान्यात मला धुळीपासून लांब, कचेरीत बसवलं. दर तपासणीला चाचा बरोबर यायचेच. एकदा मी पडद्यामागे सदरा घालत होतो. बाहेर चाचांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच खाली.

"बाई, ह्या पोराला तिथं मी लावलाय. खरं सांगा, मीच आजारी पाडला न्हवं?"

"नाही, चाचा. तुम्ही वेळेवर आणलंत, म्हणून तो हिंडतोफिरतोय."

मी जरा वेळानंच बाहेर आलो. बसथांब्यावर म्हणालो, "चाचा, त्या नोकरीमुळंच माझं लग्न झालं, संसार उभा राहिला."

त्यांनी माझा हात धरला आणि बस येईपर्यंत सोडला नाही.