पुसा म्हणजे पुसा!

आमच्या घरात तांत्रिक काम निघालं की ते माझ्याकडेच येतं. म्हणजे मी दुसऱ्या कुणाला हातच लावू देत नाही! जुन्या व्हिडिओ कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचं ठरलं, तेव्हाही मी छाती फुगवून म्हणालो, "माझ्यावर सोडा. निर्धास्त राहा!"

आई काही निर्धास्त राहिली नाही. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांचा आवाज आता त्यातल्या एकाच कॅसेटमध्ये उरला होता. "तेवढी जपून ने रे," ती म्हणाली. मी सगळ्याच जपून नेल्या आणि कॅसेटवाल्याच्या हवाली केल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेब माझी हजेरी घेत होते, नेमका तेव्हाच कॅसेटवाल्याचा फोन.

"सर, कॅसेट पुसायला लागतील. पुसू का?"

साहेब डोळे वटारून बघत होते. मी दबक्या आवाजात म्हणालो, "पुसा, पुसा!"

"सगळ्या?"

"अहो, एकूण एक पुसा!"

झटपट निर्णय घेणं हा माझा स्वभावच आहे.

घरी आल्यावर चहा पिता पिता मी ऐटीत सांगितलं, "काम मार्गी लागलं. सगळ्या कॅसेट पुसायला सांगितल्या."

बायकोचा कप हवेतच थांबला. "पुसायला? म्हणजे त्यातलं सगळं पुसून टाकायला?"

"छे! तसं कोण कशाला..." मग लक्षात आलं. काय पुसायचं, हे मी विचारलंच नव्हतं!

आई ओरडली असती तर परवडलं असतं. ती सरळ चपला शोधायला लागली.

फोन लागेना. मग आमची वरात पायीच निघाली. "आई, तुम्ही घरी थांबा," बायको म्हणाली. "माझ्या कानांनी ऐकल्याशिवाय मी कुठेही थांबणार नाही!" आई म्हणाली आणि असा वेग घेतला की मागे मी धापा टाकतोय!

"पुसल्या?" दुकानात शिरतानाच मी ओरडलो.

"पुसल्या की!" कॅसेटवाला खुशीत म्हणाला. "कशा कोऱ्या करकरीत झाल्यात बघा!"

"कोऱ्या?" मी तिथेच पायरीवर बसकण मारली. "काहीच राहिलं नाही?"

"नावालासुद्धा नाही!"

"काय राहिलं नाही?" शेवटी आईनेच विचारलं.

"बुरशी, आजी! फितीवर पांढरा थर चढला होता. मऊ कापडाने पुसला आणि मगच उतरवून घेतल्या."

मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. मारलीसुद्धा! बिचारा घाबरला.

त्याने आईला स्टुलावर बसवलं आणि तिची कॅसेट लावली. पडद्यावर मुंग्या आल्या, आडव्या रेघा आल्या आणि मग खुर्चीत बसलेले बाबा आले. त्यांनी मान वळवून हाक मारली, "अगं, ऐकलंस का?"

"आले हो!" म्हणत आई स्टुलावरून उठली. दोन पावलं गेली आणि थबकली.

कॅसेटवाल्याने फीत थांबवली.

"तस्सेच आहेत," आई रडता रडता हसली. "जागचं हलायचं नाही, नुसत्या हाका मारायच्या! लाव रे, पुन्हा लाव."

मी लगबगीने बटणाकडे हात नेला.

"तू नको!" आई ओरडली.

"तुम्ही नको!" बायको ओरडली.

कॅसेटवाल्याने यंत्रच उचलून स्वतःच्या बाजूला घेतलं.