भावी सरपंचांची सुट्टी

खोलीत एक टीव्ही होता, एक गेमचा कन्सोल, दोन रिमोट (पैकी एकाचं डावं बटण अडकणारं), पेनड्राइव्हमध्ये तीन सिनेमे, मक्याच्या लाह्यांचं एक पातेलं आणि माणूस एक. माणसाचं नाव नम्रता. आज तिला चोवीस पूर्ण झाली होती, आणि वाढदिवस शांतपणे कसा घालवावा याचा ती साऱ्या गावाला धडा घालून देणार होती. केक नाही, औक्षण नाही, फोन बंद! खालापूरच्या रंगाच्या कारखान्यात ती प्रयोगशाळेत काम करते, थेंब मोजून. त्यामुळे योजनेत चूक राहण्याची शक्यता तिने शून्य धरली होती.

आईवडील भिवपुरीला साखरपुड्याला गेले होते. कन्सोल तिच्या कॉलेजातल्या मित्राचा, चौकच्या झुहेबचा. तो उद्या नोकरीसाठी मस्कतला निघणार, आणि कन्सोलही त्याच्यासोबत. "संध्याकाळी सहाला न्यायला येतो हां!" त्याने बजावलं होतं. म्हणजे खेळ संपवायचा तो आजच, नाहीतर कधीच नाही.

खेळातल्या किल्ल्याचा पहिला दरवाजा उघडतो न उघडतो तोच घराचा वाजला. बाहेर वरच्या आळीचे मालोजीआबा, मागे तीन माणसं.

"सरपंच हायत का घरात?"

"आबा, सरपंच शाळेमागे राहतात."

"ते जुनं झालं गं! आमी नव्याकडं आलोय. नाक्यावर एवढा मोठा फोटू लावलाय तुजा, आन् इचारतेस काय?"

गेल्याच आठवड्यात सोडत निघून गावचं सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं होतं. तेव्हापासून गावातले सगळे इच्छुक पुरुष आपापल्या बायकांशी संशयास्पद गोड बोलत होते. अशा मुहूर्तावर नाक्यावर एका पोरीचा फ्लेक्स!

"आबा, काहीतरी घोटाळा आहे. मी उभी नाही."

"बरं, नसशील. पन आमच्या आळीला पानी का चढत नाय, तेवढं सांग."

इथे तिने दार लावून घ्यायला हवं होतं. पण शास्त्राचं शिक्षण घेतलेल्या माणसाला प्रश्न विचारणं म्हणजे मांजरापुढे बांगडा ठेवणं!

"टाकी कुठे आहे?"

"देवळापाशी."

"आणि तुमची आळी देवळाच्या वर. मग पाणी चढेल कसं? त्याला काय आरक्षण समजतं? टाकी आळीच्या वर बांधायला हवी."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"टाकी वर बांदनार म्हनली रं पोरगी!" मालोजीआबा गहिवरले, आणि आश्वासन घेऊन आळीकडे धावले.

नम्रताने फोन चालू करून चुलतभावाला बोलावलं. गावात असली कामं फक्त पोपटदादा करतो. तो हसत हसत आला, मोबाईलवर वाढदिवसाच्या फ्लेक्सचा फोटो दाखवत: वर 'भावी सरपंच', मध्ये नम्रता, खाली चौदा चेहरे. "कसं वाटलं सरप्राईज?"

"भावी सरपंच कुणी लिहायला सांगितलं?"

"कुनी नाय गं! फ्लेक्सवाल्याकडं विकासभाऊच्या गेल्या वर्साच्या वाढदिवसाची फाईल व्हती. नव्या डिझाईनला दोन दिवस लागतील म्हनला. मग मधला फोटू बदलला फक्त."

"आणि खालचे चौदा शुभेच्छुक?"

"ऱ्हाऊ दिले. भरल्यासारखं दिसतं!"

पाठोपाठ सरपंचपदाचा जुना इच्छुक, खुद्द विकासभाऊ आला. उकळत्या कुकरसारखा, शिट्टी तेवढी बाकी. मागे त्याची बायको सुंदरा, कडक इस्त्रीच्या साडीत. तिला उमेदवारीच्या अर्जासाठी फोटो काढायला कर्जतला न्यायचं होतं.

"माजी चौदा मानसं तुज्या पायाखाली छापलीस?" विकासभाऊ गरजला. "त्यांना सकाळपास्नं फोन चाललेत, पक्ष बदलला का म्हनून! आत्ताच्या आत्ता नाक्यावर चल आन् जाहीर कर, उभी ऱ्हानार नाय म्हनून!"

"चला," नम्रता म्हणाली. तिच्या हिशोबाने जाऊन येऊन पंधरा मिनिटं.

"मी थांबते हितंच," सुंदरावहिनी टीव्हीकडे बघत म्हणाली. "घराकडं लक्ष नको का कुनाचं?"

नाक्यावर गर्दी होती. केकही होता, ट्रॅक्टरच्या बॅटरीएवढा. नम्रता ओट्यावर चढली. "मी निवडणुकीला उभी राहणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट!

"जो उभा ऱ्हातो तो पयलं ह्येच म्हनतो!" मालोजीआबांनी सगळ्यांना समजावलं. विकासभाऊनेही मान डोलावली. गेल्या खेपेला तोही हेच म्हणाला होता.

तेवढ्यात आनंदीबाईंनी विचारलं, "ताई, माज्या दारातलं गटार का तुंबतं?"

सांगून टाकावं, माहीत नाही! पण नाही. "उतार कुठल्या बाजूला आहे?" नम्रताने विचारलं, आणि संपलं. बाटलीत अर्धं पाणी भरून ती आडवी धरली गेली, दोरी ताणली गेली, आणि साऱ्या गावाला दिसलं की गटार उलटं, आनंदीबाईंच्या दाराकडेच उतरतं! मग दुसरं गटार. मग तिसरं. मागून मिरवणुकीसारखी माणसं. दोरीचं दुसरं टोक पूर्ण वेळ विकासभाऊच्या हातात होतं. गर्दीत ते कुणी दिलं, त्यालाही कळलं नाही.

"ही पोरगी नको म्हनत असली तरी उभी करायची!" असं त्याच्याच चौदांपैकी तिघं बोलताना ऐकू आलं, तेव्हा त्याने दोरी सोडली आणि तो घराकडे पळाला. घड्याळ बघून नम्रताही पळाली.

घरात लाह्यांचं पातेलं रिकामं होतं. सुंदरावहिनी पदर खोचून जमिनीवर बसली होती, हातात रिमोट.

"अगं ऊठ! कर्जतचा स्टुडिओ बंद व्हईल! फोटू काडायचाय, अर्ज भरायचाय!"

"थांबा हो," ती मान न वळवता म्हणाली. "तो राक्षस मेला का बगू आपन. आन् अर्जाचं म्हनाल, तर मला एकदा तरी इचारलंत का?"

विकासभाऊने दारात चपला काढल्या. मग खाली बसला. मग हळूच म्हणाला, "उजवीकडनं येतोय बग तो."

राक्षस मेला. बाहेर झुहेबच्या गाडीचा हॉर्न वाजला. नम्रताने खेळ बंद करायचं बटण दाबलं, तेव्हा कुणी किती खेळलं ते सांगणाऱ्या दोन ओळी पडद्यावर आल्या.

नम्रता : चार टक्के.

पाहुणा खेळाडू : शहाण्णव टक्के.