सव्वा गोळी

गोळ्यांचं पाकीट डायनिंग टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी येऊन पडलं त्याला बरेच दिवस झाले होते, आणि त्यातली एकही गोळी अजून कुणाच्या पोटात गेली नव्हती. गोळ्या काकूंच्या होत्या. आठवड्याला एक घ्यायची, इतकी साधी गोष्ट. पण काकूंचे यजमान तपासनीस होते.

म्हणजे आता निवृत्त झाले होते, पण सवय काही निवृत्त होत नाही. तपासनिसांनी हयातभर इमारतींच्या लिफ्ट तपासल्या. दोर, ब्रेक, दारं, सगळं बघून मगच सही. त्यांनी सही केलेली एकही लिफ्ट कधी पडली नाही याचा त्यांना अभिमान होता, आणि तो रास्तच होता. अडचण एवढीच की घरात आलेला मिक्सर, नव्या चपला आणि होऊ घातलेला जावई हे सगळंही त्यांनी त्याच नजरेनं तपासलं होतं. मिक्सर त्या मानानं लवकर पास झाला.

काकूंचं झालं असं, की पडदा काढायला त्या बुटक्या स्टुलावर चढल्या, उतरताना पाय सरकला आणि हात टेकला. वीतभर उंचीवरून पडायचं निमित्त झालं आणि मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरबाईंनी प्लास्टर घातलं, मागोमाग हाडांची घनता मोजून घेतली आणि सांगितलं, "हाडं ठिसूळ झालीत. मनगट जुळेल. पण उद्या खुब्याचं हाड मोडलं तर अंथरूण धराल. त्याच्या आत औषध सुरू करायचं."

ही बातमी मुलीला कळली तेव्हा तिची बाळंतपणाची रजा संपत आली होती. बाळाला दिवसभर आजीकडे ठेवायचं असं केव्हाच ठरलं होतं, काकूंनी पाळणासुद्धा धुऊन ठेवला होता. मुलीनं स्पष्ट सांगितलं, "आई, तुझं औषध सुरू होईपर्यंत बाळ इकडे येणार नाही. मी पाळणाघरात बोलून ठेवलंय."

"अगं, उचलायला मी आहे ना," तपासनीस म्हणाले. "हिनं नुसतं बघायचं."

नुसतं बघायला काकूंनी पाळणा धुतला नव्हता.

त्या दुपारी तपासनिसांनी भिंग आणून पाकिटातला कागद टेबलावर पसरला आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या घडीत छातीत जळजळ, अन्ननलिकेला इजा, पोटदुखी होती. दुसऱ्या घडीत जबड्याच्या हाडाचा एक भयंकर प्रकार होता. तिसऱ्या घडीपाशी त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. फार वर्षं घेतल्यावर एखाद्याचं मांडीचं हाड आपोआप मोडू शकतं, असं तिथं छापलं होतं.

"हाडाच्या औषधानं हाड मोडतं," ते हळूच म्हणाले. "आणि हे लोक ते छापूनही देतात."

दुसऱ्याच दिवशी ते काकूंना घेऊन डॉक्टरबाईंच्या समोर जाऊन बसले.

"गोळी नको असेल तर वर्षातून एकदा सलाईनमधून औषध देता येतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"त्यानं काय होतं?"

"दोन-तीन दिवस ताप येऊ शकतो, अंग दुखतं."

"म्हणजे चांगल्या माणसाला आपण होऊन ताप आणायचा."

"मग सहा महिन्यांनी एक इंजेक्शन असतं."

"आणि ते घ्यायचं राहिलं तर?"

"राहू द्यायचं नाही. उशीर झाला तर मणके मोडायची भीती असते."

तपासनिसांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. "अजून काही आहे?"

"आहे ना. पोटात रोज टोचून घ्यायचं इंजेक्शन. कुणाकुणाला त्यानं चक्कर येते."

"चक्कर आली की माणूस पडणार. पडला की हाड मोडणार. डॉक्टरबाई, तुमचं सगळं गोल फिरून तिथंच येतंय."

डॉक्टरबाई शांत होत्या. "जबडा, मांडी, हे सगळं फार क्वचित, हजारो लोकांत एखाद्याला. म्हणून तर दात आधी तपासून घेतो. औषध न घेता हाड मोडायची शक्यता त्याच्या कितीतरी पट जास्त आहे."

"तो एखादा कोण, ते आधी सांगता येतं?"

"नाही."

"मग मी सही कशी करू?"

"सही तुमची नकोच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "औषध यांना घ्यायचंय."

तपासनिसांना ते लागलं. पण खरं सांगायचं तर त्यांचा तो हट्ट नव्हता, ती भीती होती. काकू स्वयंपाकघरात चालता चालता मटकन खाली बसल्यात, हे चित्र त्यांना दिवसाढवळ्या दिसायचं. इतक्या वर्षांच्या संसारात आपण हिच्यासाठी आणलेली एखादी वस्तू हिलाच लागली, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. म्हणून ते निर्णय पुढे ढकलत राहिले. कधी जबड्यासाठी शेजारच्या दातांच्या डॉक्टरला गाठत, कधी औषधाच्या दुकानदाराचं डोकं खात. दुकानदार तर त्यांना लांबून येताना पाहून शटर अर्धं खाली घ्यायला लागला.

काकूंनी सुरुवातीला वाद घातला, मग एकदम सोडूनच दिला. मध्ये एकदा त्यांना कणकण आली, अंग मोडून आलं. तपासनिसांनी बेडरूमची खिडकी तपासली, फटीतून वारं येतं असा निष्कर्ष काढला आणि फट बुजवली. दोन दिवसांत काकू बऱ्या झाल्या. खिडकीचा विजय झाला.

शेवटी मुलगी कामावर जायचा आठवडा येऊन ठेपला तेव्हा तपासनिसांनी ठरवलं, की आता सोक्षमोक्ष लावायचा. ज्या लिफ्टमध्ये आपण स्वतः बसलो नाही तिच्यात दुसऱ्याला बसवायचं नाही, हे त्यांनी नोकरीत कधी मोडलं नव्हतं. काकू सकाळी मुलीकडे गेल्या. तपासनिसांनी दार लावून घेतलं आणि पाकीट पुढ्यात ओढलं.

कागदावर लिहिलं होतं, की गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नये. पण चाचणी घ्यायची ती नीट वागणाऱ्या माणसाला धरून घेत नाहीत, सगळ्यात बेशिस्त माणसाला धरून घेतात. शिवाय लिफ्ट तपासताना ते ठरल्याच्या सव्वापट वजन चढवायचे. तेव्हा त्यांनी एक गोळी घेतली, दुसऱ्या गोळीचा भाजीच्या सुरीनं पाव तुकडा पाडला, ती सव्वा गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळली आणि सोफ्यावर ऐसपैस आडवे झाले.

थोडा वेळ काहीच झालं नाही. त्यांना डुलकी लागली. जाग आली ती छातीत निखारा ठेवल्यासारखं वाटून. थुंकी गिळावी तर कळ, ढेकर द्यावा तर आग. तपासनिसांची पाचावर धारण बसली. हे हृदय की गोळी, त्यांना कळेना. उठून फोन घ्यावा तर मांडीच्या हाडाची आठवण झाली, म्हणून ते सोफ्यावरूनच बसल्या बसल्या सरकत फोनपाशी गेले. जबड्यावर भार नको म्हणून एका हातानं हनुवटी धरली आणि बायकोला फोन लावला.

"अगं, घाबरू नकोस," ते म्हणाले. "छातीत जळतंय."

"काय खाल्लंत?"

"गोळी."

"कसली गोळी?"

"तुझी. सव्वा."

काकू एवढंच म्हणाल्या, "तिथंच बसा. कशालाही हात लावू नका."

काकू, मुलगी आणि अँब्युलन्स साधारण एकदमच येऊन पोचल्या. अँब्युलन्सवाल्यांनी तपासनिसांना चाकांच्या खुर्चीत बसवून लिफ्टमध्ये घेतलं. दार लागणार इतक्यात तपासनिसांनी हात आडवा घातला. "वजन जास्त होतंय. एक जण उतरा."

"काका, तुम्हाला छातीत दुखतंय."

"म्हणूनच म्हणतो. मला आत्ता दोन संकटं नकोत."

कोण उतरणार यावर जरा चर्चा झाली. शेवटी ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन उभा असलेला माणूस पाय आपटत जिन्यानं उतरला.

हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत एक तरुण डॉक्टर होता. त्यानं हृदयाचा आलेख काढला, तो ठीक होता. रक्त घेतलं, छातीचा एक्स-रे काढला, मग विचारलं, "नेमकं काय घेतलंत?"

तपासनिसांनी सांगितलं. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "सव्वा का?"

"ती नियमाप्रमाणे."

"आणि चहाबरोबर घेऊन झोपलात?"

"मुद्दाम."

डॉक्टरनं काकूंकडे पाहिलं. काकूंनी कपाळाला हात लावला होता. "हृदयाला काही नाही," तो म्हणाला. "गोळी अन्ननलिकेत चिकटून आतून भाजलंय. औषध देतो, बरं होईल. पण एक मिनिट थांबा." तो पडद्यावरच्या एक्स-रेजवळ गेला, मान तिरकी करून बराच वेळ पाहत राहिला आणि बाहेर जाऊन कुणाला तरी फोन करून आला.

थोड्या वेळानं काकूंच्या हाडांच्या डॉक्टरबाई आत आल्या. पलंगावर तपासनिसांना पाहून त्या थबकल्या. मग एक्स-रेपाशी गेल्या.

"काका, मध्ये कधी पाठ दुखली होती?"

"गेल्या वर्षी पाण्याचं पिंप सरकवलं तेव्हा. उसण भरली होती. शेक दिला."

"ती उसण नव्हती. मणका मोडलाय. हा बघा, पुढून चेपलाय. आणि त्याच्या खालचाही."

तपासनिसांनी पाहिलं. एकावर एक रचलेल्या चौकोनांत दोन चौकोन बसलेले होते. बसलेला मजला त्यांना लगेच कळत असे.

"हे माझे नाहीत," ते म्हणाले.

"तुमचेच आहेत."

"पण हा बायकांचा आजार ना?"

"हाडं पुरुषांनाही असतात, काका. घनता मोजायला लागेलच, पण दोन मणके असे गेलेत म्हणजे तुमची हाडं काकूंपेक्षा वाईट असणार." डॉक्टरबाई काकूंकडे वळल्या आणि सहज म्हणाल्या, "तुमचं बरंय ना आता? सलाईननंतरचा ताप लगेच उतरला होता ना?"

काकूंनी पदर उगाचच सारखा केला. मुलगी छताकडे पाहायला लागली.

"कसलं सलाईन?" तपासनिसांनी विचारलं.

काकूच म्हणाल्या, "तुम्ही सोसायटीच्या मीटिंगला गेला होता ना, तेव्हा घेऊन आले. रक्त, दात, सगळं आधी तपासून घेतलं होतं. वर्षभर आता बघायला नको."

"म्हणजे ती खिडकी?"

"खिडकी चांगली आहे हो. फट बुजली ते बरंच झालं."

तपासनिसांचे डोळे पांढरे व्हायचेच बाकी होते. "मग ते पाकीट टेबलावर कशाला ठेवलंस?"

"तुम्ही त्यात गुंतला होता. काढून घेतलं असतं तर माझ्या मागे लागला असतात."

"जावयाला माहीत होतं?"

"गाडी त्यांनीच चालवली."

आता मात्र तपासनिसांच्या डोळ्यांत पाणी आलं. छातीतली जळजळ एकीकडे आणि हे एकीकडे. "मला एका शब्दानं विचारलं नाहीस," ते म्हणाले. "तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?"

काकू पलंगाच्या कडेला बसल्या. "विचारलं असतं तर तुम्ही घाबरला असतात. मीही घाबरलेच होते. पण घाबरून बसले असते तर बाळ पाळणाघरात गेलं असतं, आणि माझं हाडही मोडायचं ते मोडलंच असतं. त्यापेक्षा औषध घेऊन घाबरलेलं काय वाईट?"

तेवढ्यात जावई बाळाला घेऊन आत आला. सगळी आपली माणसं एकत्र पाहून बाळ खूश झालं, आणि त्यानं दोन्ही हात पसरून आजोबांकडे झेप घेतली. तपासनिसांनी हात पुढे केले.

"उचलायचं नाही," डॉक्टरबाई, काकू, मुलगी आणि जावई एकदम म्हणाले.

"अहो, बाळ आहे ते."

"तुमच्या मणक्यांना ते पिंपच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तूर्त वाकणं बंद, वजन बंद. काकूंचं प्लास्टर निघालंय, त्यांना मी उचलायची परवानगी दिलीय. मात्र जमिनीवरून वाकून नाही, पाळण्यातून."

काकू उठल्या. जावयाच्या हातातून त्यांनी बाळाला अलगद घेतलं आणि खांद्यावर टाकलं. बाळानं त्यांच्या मानेत तोंड खुपसलं. तपासनिसांचे हात अजून तसेच पुढे होते. ते त्यांनी सावकाश खाली घेतले आणि पांघरुणावर ठेवले.

"तर आता तुमचं बघू," डॉक्टरबाई खुर्ची ओढून म्हणाल्या. "गोळी तुम्हाला या घशानं चालणार नाही. राहिलं सलाईन आणि दोन इंजेक्शनं. प्रत्येकाचे फायदे-तोटे नीट समजावून सांगते, घाई नाही. सलाईनचं सांगायचं तर आधी रक्तातलं कॅल्शियम आणि मूत्रपिंड बघावं लागतं, मग दोन-तीन दिवस ताप..."

"ते हिला सांगा," तपासनीस बाळावरची नजर न काढता म्हणाले आणि शर्टाची बाही कोपरापर्यंत वर केली. "मला फक्त तारीख सांगा."