राखून ठेवलेला नामा

मोहने गावच्या स्पर्धेत आपल्या गावचा कबड्डी संघ पहिल्याच फेरीत हरल्याची बातमी सकाळी पोचली, तेव्हा कप्तान धाकू पेढे वाटत होता. रडायचं की पेढा खायचा, हे गावाला कळेना.

"हरलात ना रं?" संघातला सगळ्यात दमदार चढाईपटू नामा, त्याची आई कमळाबाई पेढा हातात धरून म्हणाली.

"हरलो. पण तुमच्या नामाला उतरवलाच नाय. काकी, मोसम चैत्रापर्यंत हाय. सगळीकडं जीव काढला तर शहाडला काय उरंल?"

शहाड धाकूच्या बायकोचं माहेर. शेवंती दर साली तिथल्या मैदानाच्या कडेला बसायची आणि धाकू हरला की म्हणायची, "आमच्या गावची ढाल तुमच्या नशिबात नाय." गेल्या पावसाळ्यात ती वारली. यंदा शहाडची स्पर्धा जिंकून ती ढाल आणायचीच, असं धाकूने ठरवलं होतं.

पुढे दिवा गावच्या स्पर्धेतही हरले. नामा राखलेला आहे म्हणून त्याला कुणी काम सांगेना. ज्याच्या घरी खेकडे शिजत, तिथून वाटी येई.

"दादा, जरा धावू का?" नामा धाकूला विचारी.

"बस गप. दम साठव."

शहाडची स्पर्धा साठ किलो वजनी गटाची. रेशन दुकानातून आणलेल्या काट्यावर नामा चढला, तसे पंच वाकून बघू लागले.

"एकच चढलाय ना?"

तीन किलो जास्त भरले. संध्याकाळपर्यंत उतरवा, नाहीतर बाहेर, असं पंचांनी सांगितलं. मग भर उन्हात दोन स्वेटर घालून नामाला नदीकाठाने पळवलं. पाणी बंद. मागून सायकलवर धाकू.

"दम साठवू का काढू?" नामा धापा टाकत म्हणाला. "एक काय ते सांग."

धाकूने सायकलची घंटी वाजवली.

संध्याकाळी काटा साठवर थांबला. नामा पहिल्या चढाईला निघाला, मधली रेषा ओलांडली आणि समोरच्यांच्या अंगणात खाली बसला. त्यांनी त्याला पकडलं नाही. पाणी पाजलं. बाकीच्या सहांना मोसमभर हरायची सवय झाली होती. ते नेहमीसारखे खेळले.

सासू ठमाबाई धाकूला घरी घेऊन गेली.

"जावई, हात धुवा. पान वाढलंय."

"एवढा राखला, मामी, तरी कुठं चुकलं?"

"जेवा आधी."

धाकू जेवला. शेवंतीच्या त्या टोमण्याला उत्तर द्यायचं अजून राहिलं आहे.