डब्यातला पुरुषार्थ

ऑफिसच्या रस्सीखेचीत दोराच्या शेवटच्या टोकाला मला उभं करायचं ठरलं आणि तिथूनच माझे ग्रह फिरले. निवड कर्तृत्वावर झाली नव्हती. "शेवटी वजनदार माणूस लागतो," साहेब म्हणाले आणि अख्ख्या आवक-जावक विभागानं माझ्या पोटाकडे पाहिलं.

माझी बायको गोळाफेकपटू आहे. घरातलं सिलिंडर तीच उचलते, घट्ट बसलेली झाकणं तीच उघडते. (मी फडकं आणून देतो. सहकार्य महत्त्वाचं.) तिला विचारलं असतं तर तिनं दोन व्यायाम सांगितले असते. पण व्यायाम सांगितला की करावा लागतो. म्हणून मी जिमखालच्या दुकानात गेलो.

"पुरुषी हार्मोन चढणार, बायकी हार्मोन उतरणार," दुकानदार पुडा पुढे करत म्हणाला, "पंधरा दिवसांत फरक!" पुड्यावरच्या माणसाला मानच नव्हती, खांद्यांनी गिळली होती. मला नेमकं तसंच व्हायचं होतं.

प्रश्न होता लपवण्याचा. महिन्याभरानं बायकोची राष्ट्रीय निवडचाचणी होती आणि तिथं उत्तेजकांची तपासणी. ती सर्दीची गोळीसुद्धा प्रशिक्षकांना विचारून घेते. असला पुडा घरात दिसला असता तर पुड्यासकट मी बाहेर! पण बावीस वर्षं कारकुनी केलीय मी. फाइल दडवायची तर फायलींतच, हा आमचा पहिला धडा. ओट्यावरच्या फळीवर बायकोच्या प्रोटीनचा एक रिकामा डबा होता. पुडा त्यात ओतला, डबा मागं सारला आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी चमचाभर दुधातून घ्यायला लागलो.

आणि काय सांगू! आठवड्यात आवाज भारदस्त झाला. हेडक्लार्कनं काम सांगितलं तर "बघतो" म्हणालो. (एरवी तो वाक्य संपवायच्या आत मी "हो" म्हणतो.) आरशासमोर दंड फुगवून उभा होतो तर सासूबाईंनी काळजीनं विचारलं, "जावईबापू, सूज आलीय का?"

सासूबाई पाळी गेल्यानंतरच्या तक्रारी घेऊन आमच्याकडे राहायला आल्या होत्या. अंगातून गरम वाफा निघतात, घाम फुटतो, आणि डॉक्टरांनी दिलेली पावडर हल्ली फार लवकर संपते, हे त्या दिवसातून चारदा सांगायच्या. मी मर्दासारखं दुर्लक्ष करायचो.

निवडचाचणीच्या सकाळी स्वयंपाकघरात गेलो आणि दारातच थबकलो. ओट्यावर माझा डबा, झाकण उघडं, शेजारी बायकोचा शेकर, तळाशी फेस. बायको मैदानावर निघून गेलेली.

तीन वर्षं ही बाई पहाटे पाचला उठतेय. उजवा खांदा दुखावला तेव्हा डाव्या हातानं केस विंचरायला शिकली, पण मैदान सोडलं नाही. आता तिच्यावर बंदी येणार होती आणि ती माझ्यामुळे. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, बसमध्ये मला रडू आलं. शेजारच्या बाईनं उठून जागा बदलली.

मैदानावर पोचलो तेव्हा बायको वर्तुळाकडे निघाली होती.

"अगं, थांब! मी तुला फसवलंय! महिनाभर लपवून ठेवलंय!"

"कोण आहे ती?" प्रशिक्षकांनी विचारलं.

"सर, तेवढी झेप नाही यांची," बायको शांतपणे म्हणाली. "पावडर असेल."

"तुला माहीत होतं?"

"संपलेल्या डब्याच्या झाकणावर मी फुली मारते. फुलीच्या डब्याला वजन कुठून आलं? तुम्ही ठेवलीत त्याच रात्री तुमची पावडर मोरीत ओतली."

"पण मी तर महिनाभर रोज..."

"आईची. सोयाबीनची, बायकी हार्मोनची उणीव भरून काढणारी. आज तुमचा डबा संपत आला होता म्हणून भरला. झाकण लावायचं राहिलं. शेकरमधलं माझं होतं, माझ्या डब्यातलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलताय ते बघत होते," ती म्हणाली. मग गोळा उचलला. "उशिरा का होईना, धावत आलात."

तिनं गोळा हनुवटीखाली धरला आणि असा फेकला, की मोजणाऱ्या माणसाला चार पावलं मागं सरकावं लागलं. तिची निवड झाली. तपासणीत काही निघालं नाही. निघणार काय, जे होतं ते मोरीत गेलं होतं आणि माझ्या पोटात नुसतं सोयाबीन होतं.

दोन दिवसांनी रस्सीखेचीत आम्ही अकरा सेकंदांत हरलो. दोराबरोबर मीही पलीकडे पोचलो. संध्याकाळी गुडघ्याला मलम चोळत बसलो होतो, तेव्हा सासूबाई जवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या,

"जावईबापू, खरं सांगा हं. माझा घाम काही त्या पावडरीनं कमी झाला नाही. तुमचा झाला का?"

मी नीट आठवून पाहिलं. झाला होता.