कंसातलं

"नाटक कसं बघायचं ते मला शिकवू नका," असं भास्करभाऊ राजपुरा मोहल्ल्यात भेटेल त्याला ऐकवायचे. आणि खोटं कशाला बोला, माणसाने उभं आयुष्य नाटकात घातलं होतं. कागद मिलच्या कॉलनीत गणपतीचं नाटक बसलं की विंगेत पुस्तक धरून प्रॉम्प्टिंगला भास्करभाऊच. नट सगळे ड्युटीवरून थेट आलेले, पाठांतराच्या नावाने बोंब. स्टेज जरा गप्प झालं की समजायचं, गडी अडकला, आणि पुढचं वाक्य फेकायचं. कंसातलं, म्हणजे 'उठून खिडकीशी जाते' वगैरे, ते वाचायचंच नाही. ते वाचत बसलं तर तेवढ्यात नट घाबरून विंगेत पळून यायचा.

मिलमधून रिटायर झाल्यावरही ते नाटकांची पुस्तकं वाचायचे ती तशीच, कंस गाळून.

यंदा त्यांची लेक भारती स्पर्धेच्या नाटकात होती. मुख्य काम तिचं. निवड झाली तर ग्रुप पुढच्या फेरीला इंदूरला जाणार, म्हणून पोरगी ऑफिसातून आली की चहासुद्धा न घेता तालमीला पळायची. तिची संहिता भास्करभाऊंनी तिच्या आधी पाठ केली.

"बाबा, एकच सांगते," निघताना भारती म्हणाली. "हॉलमध्ये तोंड उघडायचं नाही."

"मी काय लहान आहे का?" भास्करभाऊ दुखावले. पण शपथ घेतली.

नाटक रंगलं. शेवटचा प्रवेश आला. सासर सोडून आलेल्या मुलीला आई विचारते, "मग काय ठरवलंस?" मुलीने म्हणायचं, "मी परत जाणार नाही," आणि पडदा.

आईने विचारलं. भारती बॅगेचा बंद धरून उभी राहिली. बोलेना. हॉल इतका गप्प झाला की पंख्यांची कुरकुर ऐकू यायला लागली. परीक्षक लिहायचं थांबून तिच्याकडे बघत होते. बायकांचे पदर डोळ्यांना लागले. भास्करभाऊंना मात्र दरदरून घाम फुटला. पोरगी अडकली!

"मी परत..." त्यांनी हळूच सोडलं.

भारतीची बंदावरची मूठ आवळली. बाकी काही नाही.

"अहो, गप बसा," सिंधूताईंनी नवऱ्याची बाही ओढली.

"अगं, विसरली ती. मी परत जाणार..."

"चाचा, चुप बैठो ना," मागून कुणीतरी म्हणालं.

आता कसली शपथ आणि कसलं काय. पोरीची इज्जत चालली होती. भास्करभाऊ उठून उभे राहिले आणि त्यांनी कॉलनीतला ठेवणीतला आवाज लावला, "मी परत जाणार नाही!"

"तो मत जाओ चाचा, पर बैठ तो जाओ."

सगळा हॉल हसून लोळायला लागला. आणि पडद्याच्या दोरीवर बसला होता भाईदास. त्याला बजावून ठेवलेलं, हे वाक्य ऐकलं की पडदा सोड. त्याने ऐकलं, सोडला. भारती पडद्यामागे गेली ती तोंड अर्धं उघडलेलं तशीच. तिचं वाक्य राहूनच गेलं.

निकालात ग्रुपचं नाव नव्हतं.

"ती विसरली नव्हती हो," घरी येताना रिक्षात सिंधूताई म्हणाल्या. "ते गप्प राहणं कंसात लिहिलेलं होतं. आरशासमोर उभी राहून शिकत होती पोरगी. रोज बघायची मी."

भास्करभाऊंना रिक्षातून उडी मारावीशी वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी त्यांनी स्वतः चहा केला, साखर जास्तच घातली, आणि कप घेऊन लेकीसमोर उभे राहिले. मान वर होईना.

"भारती, चुकलं माझं. फार चुकलं. बापाला माफ करशील ना?"

भारती कपाकडे बघत राहिली. बोलेना. चहावर साय धरायला लागली. सिंधूताई ओट्याशी हात थांबवून उभ्या. भास्करभाऊंनी ओठ घट्ट मिटले, घाम पुसला, देवाचं नाव घेतलं. पण जन्माची खोड ती.

"'असू द्या, बाबा...'" त्यांनी हळूच सोडलं.

सिंधूताईंनी कपाळाला हात लावला.

"वाक्य मला पाठ आहे, बाबा," भारती म्हणाली. "अजून म्हणावंसं वाटत नाही."